सरळ खांब आणि गोल चेहरे

(महोत्सवी व्याख्यानमालेतील चौथ्या दिवसाचे भाषण. भाषणानंतर दोन चित्रफिती दाखविण्यात आल्या.)



या व्याख्यानमालेत पहिल्या दिवशी आपण संतवाङ्मयावर ऐकले, दुसऱ्या दिवशी मधुमेहावर आणि काल बडोद्याच्या गायनपरंपरेवर. तिन्ही वक्ते आपापल्या विषयांतले अधिकारी होते. आज मला येथे उभे केले आहे ते मात्र जवळजवळ आरोपी म्हणून. आपल्या कार्यवाहांनी मला आडपडदा न ठेवता सांगितले, "कोजागरीच्या व्हिडिओचे तुम्ही जे काही करून ठेवले आहे, ते एकदा सभेपुढे नीट सांगा. लोक मला विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही." तेव्हा आजचे बोलणे अर्धे व्याख्यान आणि अर्धा जबाब असे धरून चालावे.

प्रथम माझी ओळख. मी चित्रपटातला माणूस नाही आणि छायाचित्रकारही नाही. रेल्वेच्या नोकरीत बत्तीस वर्षे मी नकाशे काढले. पहिली काही वर्षे टी-स्क्वेअर आणि रेखणी घेऊन, पुढची संगणकावर. सरळ रेषा हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. हे सांगण्याचे कारण असे की पुढे जी चूक झाली तिचे मूळ या धंद्यातच आहे.

गेल्या कोजागरीस पंचाहत्तरी ओलांडलेल्या तेरा सभासदांचा याच सभागृहात सत्कार झाला, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. एका रांगेत तेरा खुर्च्या, दोन-दोन फुटांवर; म्हणजे मधल्या खुर्चीपासून शेवटची खुर्ची बारा फुटांवर. रांगेपुढे सात फुटांवर सतरंज्या सुरू होत होत्या, त्यामुळे कॅमेऱ्याला मागे सरकावयास जागा नव्हती. माझ्या भाच्याजवळ एक लहानसा कॅमेरा आहे. सायकलवाले आणि डोंगर चढणारे डोक्यावर बांधतात ना, त्या जातीचा, काड्यापेटीहून थोडा मोठा. तो त्याने तिकाटण्यावर लावला, बटण दाबले आणि तो दूध आटवावयास स्वयंपाकघरात निघून गेला. कॅमेरा दोन तास चालत राहिला. त्याला डावीउजवीकडे ६३-६३ अंश, म्हणजे एकूण १२६ अंशांचा पसारा दिसत होता. सात फुटांवरून बारा फूट बाजूला बसलेला मनुष्य साधारण ६० अंशांवर येतो. अर्थात तेराही माणसे चौकटीत होती.

दुसऱ्या दिवशी भाच्याने मला ते चित्रण दाखविले आणि माझे डोके उठले. सभागृहाचे खांब, जे १९व्या शतकातल्या गवंड्यांनी ओळंबा लावून उभे केले असतील, ते धनुष्यासारखे वाकलेले! वरची तुळई कमानीसारखी. मध्यभागी सर्व ठीक. पण जसजसे कडेला जावे तसतसे जग पिंपाच्या बाजूंप्रमाणे फुगत गेलेले. डाव्या टोकाला आपल्या माई बसल्या होत्या, त्यांची मान मागच्या खांबाबरोबर आत झुकलेली. भाचा म्हणाला, "मामा, वाइड अँगलचे असेच असते." मी म्हटले, असेच असते म्हणून चालणार नाही.

येथे थोडे थांबून हे वाकणे काय असते ते पाहू. कारण या एका शब्दाखाली आपण तीन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र करतो आणि मग इलाज चुकतो.

लक्ष्मीविलासच्या मनोऱ्यासमोर उभे राहून फोन वर उचलून फोटो काढला की मनोरा मागे कलंडल्यासारखा दिसतो. तेथे भिंगाचा काही अपराध नाही. फोन तिरपा धरला म्हणून उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे येतात, पण त्या सरळच राहतात. दुसरी तक्रार नाकाची. नातवंडे हातभर अंतरावरून स्वतःचा फोटो काढतात आणि नाक भज्यासारखे येते. तेथेही दोष अंतराचा आहे. एक फुटावरून पाहिले तर नाकाचे टोक १२ इंचांवर आणि कान १७ इंचांवर, म्हणजे नाक कानांच्या मानाने जवळजवळ दीडपट मोठे उमटणार. सात फुटांवर तोच फरक नाममात्र उरतो. तिसरी तक्रार म्हणजे खरी सरळ रेषा चित्रात वाकडी होणे. भिंगाची वक्रता म्हणतात ती ही, आणि आजचा विषय तेवढाच.

छायाचित्रकलेच्या आरंभापासून लोक या वक्रतेशी झगडत आले आहेत. १८६६ साली इंग्लंडात डालमायर आणि जर्मनीत श्टाइनहाइल या दोघांनी स्वतंत्रपणे एक युक्ती काढली. प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या पुढे एक भिंगजोडी आणि मागे हुबेहूब तशीच उलटी जोडी बसवावयाची. पुढची जोडी रेषेला एका बाजूस वाकविते, मागची तितकीच दुसऱ्या बाजूस, आणि हिशेब मिटतो. या भिंगाचे नावच मुळी 'रॅपिड रेक्टिलिनिअर', म्हणजे सरळ रेषा राखणारे असे पडले. (दादासाहेब फाळके १८९० मध्ये आपल्या कलाभवनात आले, तेव्हा छायाचित्रकारांमध्ये या जातीच्या भिंगांची चलती होती. तेव्हा बडोदेकरांना हा विषय अगदीच परका नाही.)

मग आजच्या कॅमेऱ्यात हे का नाही? कारण रुंदी. सरळ रेषा सरळ ठेवावयाची असेल तर चित्र कडेला फार ताणावे लागते. किती, ते त्रिकोणमितीत शिकलेली टॅन्जंट सांगते. ४५ अंशांवर बाहेरच्या दिशेचा ताण मध्याच्या दुप्पट होतो, ६० अंशांवर चौपट, आणि ९० अंशांवर अनंत. शिवाय साध्या भिंगात ६० अंशांवर प्रकाश मध्याच्या सोळाव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे कडा काळोख्या. म्हणून इतक्या रुंद कोनाचे भिंग बनविणारा मनुष्य रेषांचा हट्ट सोडून देतो. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०६ साली पाण्यातल्या माशाला वरचे जग कसे दिसत असेल ते पाण्याने भरलेल्या कॅमेऱ्यातून दाखविले आणि 'फिश-आय', मत्स्यनेत्र, हे नाव रूढ केले. पुढे १९२०च्या दशकात रॉबिन हिल यांनी सगळे आकाश एका चित्रात मावेल असे भिंग ढगांच्या अभ्यासासाठी रचले. हेच हिल पुढे वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावरील कामासाठी प्रसिद्ध झाले. आपल्यातल्या शास्त्र शाखेच्या मुलांनी 'हिल अभिक्रिया' पाठ केली असेल. आकाश क्षितिजापासून क्षितिजापर्यंत १८० अंशांचे. ते सरळ रेषांच्या नियमाने कागदावर मावणारच नाही, कारण कागदाला अनंत लांबी हवी. हिलसाहेबांनी ते वाकविले म्हणून ते मावले.

वाकणे म्हणजे भिंगाने घातलेली घडी आहे, हे मला तेव्हा समजावयास हवे होते. ट्रंकेत मोठे पातळ मावावे म्हणून आपण घडी घालतो तशी. पातळ त्यामुळे खराब होत नाही. पण मी त्या दिवशी घडीला सुरकुती समजलो आणि इस्त्री घेऊन बसलो.

ही इस्त्री कशी चालते ते सांगतो. एफएफएमपेग नावाची एक प्रणाली फुकट मिळते. तिच्यात भिंगाची वक्रता काढण्याची सोय आहे आणि तीत मुख्य आकडे दोनच, के-१ आणि के-२. दोन्ही शून्य ठेवले तर चित्र आहे तसे राहते. संगणक नव्या, कोऱ्या चौकटीतला एकेक ठिपका घेतो आणि विचारतो, हा ठिपका चित्राच्या मध्यापासून किती दूर आहे? त्या अंतराचा वर्ग करून के-१ने गुणतो, चौथा घात करून के-२ने गुणतो, आणि त्यावरून ठरवितो की जुन्या, वाकलेल्या चित्रात हाच ठिपका कोठे होता. तेथील रंग उचलून येथे ठेवतो. म्हणजे जुन्या चित्राला ढकलत नाही, नव्याला भरतो. ढकलले असते तर मध्ये भोके पडली असती. जुन्यातली जागा दोन ठिपक्यांच्या मध्ये आली तर शेजारच्यांचे रंग प्रमाणात मिसळतो. आपल्या चित्रणात एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके आणि सेकंदाला २५ चौकटी. दोन तासांच्या १,८०,००० चौकटी झाल्या. तथापि कोणता ठिपका कोठून आणावयाचा याचे कोष्टक एकदाच करावे लागते, कारण भिंग तेच आणि कोन तोच. मग प्रत्येक चौकट त्याच कोष्टकातून जाते. संगणक दीड दिवस घरघरत होता आणि आमच्या सौभाग्यवती तेवढा वेळ त्या खोलीत गेल्या नाहीत.

आकडे मी अंदाजाने चढवीत गेलो. नजर खांबांवर. डावा खांब सरळ झाला, उजवा झाला, तुळई आडवी झाली. मला जे समाधान वाटले ते नोकरीत पूल उभा राहिल्यावरही वाटले नसेल. सातही तुकडे सरळ करून ठेवले. कॅमेरा लांबलचक चित्रण तुकड्यातुकड्यांनी साठवितो. आणि संगणकात जागा उरली नाही म्हणून, मंडळी, मी मूळचे तुकडे पुसून टाकले. भाच्याच्या कार्डावरचे केव्हाच गेले होते. तो मित्रांबरोबर पावागडला गेला आणि त्यावर माकडांचे चित्रण घेऊन आला.

दिवाळीनंतर आपल्या कार्यकारिणीने ते चित्रण पाहिले. पाच मिनिटे झाली असतील. कोणीतरी विचारले, "माई कोठे आहेत?"

माई नव्हत्या. त्यांच्या शेजारचे दोघे नव्हते. उजवीकडचेही तिघे नव्हते. तेरातली सात माणसे उरली होती आणि माझ्या लक्षात आले नव्हते, कारण मी माणसे पाहिलीच नव्हती. खांब पाहिले होते.

झाले होते असे. चित्र कडेला ताणले की ते चौकटीबाहेर जाते. मध्याचे माप तेच ठेवून ६३ अंशांचे चित्र सरळ केले तर त्याच रुंदीच्या चौकटीत बाजूला केवळ ४८ अंशच उरतात. रांगेवर मोजले तर मध्यापासून सुमारे पावणेआठ फूट. आठ, दहा आणि बारा फुटांवरच्या खुर्च्या, दोन्ही बाजूंच्या मिळून सहा, बाहेर. प्रणालीने काही लपविले नव्हते. मी पाहिले नाही.

माईंची नात त्या बैठकीस होती. तिने कोजागरीच्या रात्रीच भाच्याकडून पहिला तुकडा पेनड्राइव्हवर मागून घेतला होता, कारण सत्काराची सुरुवात माईंपासून झाली होती. मूळचा, वाकलेला, जसाच्या तसा. तो तिने मला आणून दिला. या वेळी मी पक्के ठरविले की कोणीही सुटता कामा नये. सगळी रुंदी चौकटीत बसविली. त्यासाठी मधली माणसे आकाराने जवळजवळ निम्म्यावर आणावी लागली, पण तेराही दिसू लागली आणि खांब सरळच. मोठ्या उत्साहाने मी ते माईंच्या घरी नेले. त्या आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, तेव्हा खोटे बोलणे शक्य नाही. माईंनी चष्मा चढवून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, ही कोण? मी जन्मात एवढी रुंद झाले नाही."

त्यांचे बरोबर होते. पडद्यावर त्यांचा चेहरा उंचीला मधल्या माणसाएवढाच होता आणि रुंदीला दुप्पट. खांब मात्र निर्दोष. हे कोडे मला दोन दिवस सुटेना. एकाच चित्रात खांब खरा आणि माणूस खोटा कसा?

घरी दिवे गेल्यावर उलगडा झाला. हातातली बॅटरी समोरच्या भिंतीवर सरळ धरली की उजेडाचा गोल पडतो. तीच तिरपी धरली की गोलाचा लांबट अंडाकार होतो, आणि ६० अंश तिरपी धरली तर रुंदीच्या दुप्पट लांब. गोल चेहऱ्याकडून येणारे किरणही असेच सपाट चित्रावर तिरपे पडतात. मागची भिंत, तिच्यावरची तसबीर, खुर्चीची सपाट पाठ ही चित्राला समांतर असली की बिघडत नाहीत. पण डोके गोल आहे, नारळ गोल आहे, समईची वाटी गोल आहे. ती कडेला फाकणारच. माझे गणित चुकले नव्हते. सरळ रेषेचा नियम तंतोतंत पाळला की गोल वस्तूंचे हेच होते.

जुन्या चित्रकारांना हे ठाऊक होते. रॅफेलने १५०९ ते १५११ या काळात व्हॅटिकनमध्ये 'अथेन्सची पाठशाळा' हे भित्तिचित्र काढले. त्यातली कमानींची सगळी रचना काटेकोर यथादर्शनाच्या नियमाने आहे, पण उजव्या कडेला दोन पुरुषांच्या हाती गोल आहेत, एक पृथ्वीचा आणि एक आकाशाचा. नियमाने ते अंडाकार यावयास हवेत. रॅफेलने ते साफ वर्तुळाकार काढले आहेत. इमारतीला एक नियम, माणसांना आणि गोलांना दुसरा! पाचशे वर्षे लोक ते चित्र पाहतात आणि कोणास खटकत नाही.

नकाशांचेही असेच. १५६९ साली मर्केटरने पृथ्वीचा नकाशा काढला, तो खलाशांना दिशा बिनचूक मिळाव्या म्हणून. दिशा मिळाल्या, पण त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. खरे पाहता आफ्रिका चौदा पट मोठी आहे. मोसंब्याची साल ताणल्याशिवाय पाटावर सपाट बसत नाही. रुंद कोनाचे दृश्य म्हणजे मोसंब्याची सालच. रेषा राखाव्या की आकार, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. यंत्र कोणा एकाच्या बाजूने आधीच ठरवून टाकते एवढेच. २०१६च्या गोप्रो हीरो-५ कॅमेऱ्यात 'लिनिअर' असा पर्याय आला. तो निवडला की कॅमेरा आतच रेषा सरळ करून चित्रण साठवितो आणि कडा सोडून देतो. चांगली सोय आहे. पण कडेला कोण बसले आहे हे त्याला माहीत नसते.

आता पुढची गोष्ट, म्हणजे ओळंब्यांची. काही मंडळींनी मला मार्गशीर्षात या सभागृहात नऊ ओळंबे टांगताना पाहिले आणि नाना तर्क केले. आपल्या वॉचमनने तर विचारले की ही कसली शांत आहे. ती शांत माझी कल्पना नव्हे. १९७१ साली ड्वेन ब्राउन या अमेरिकन शास्त्रज्ञाने भिंगाची वक्रता मोजण्याची जी रीत प्रसिद्ध केली ती हीच. दोरे टांगावे, त्यांना वजने बांधावी, चित्र घ्यावे. ओळंब्याचा दोरा सरळ असतो याबद्दल जगात दुमत नाही. चित्रात तो जितका वाकला तितका भिंगाचा दोष. गवंड्याच्या पिशवीतली वस्तू इतक्या सूक्ष्म शास्त्रात उपयोगी पडावी याचे मला फार कौतुक वाटले. त्यानंतर झेंगयू झांग यांनी २००० साली आणखी सोपी रीत दिली. बुद्धिबळाच्या पटासारखा छापील कागद पुठ्ठ्यावर चिकटवून निरनिराळ्या बाजूंनी कॅमेऱ्यापुढे धरावा, आणि चौकोनांच्या कोपऱ्यांवरून संगणक सगळे आकडे काढतो. आज सर्वत्र तीच चालते. मी दोन्ही केल्या, ओळंबे हौसेखातर. अट एकच, कॅमेरा तोच हवा आणि त्याची योजनाही तीच हवी. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवण्याची जी सोय कॅमेऱ्यात असते ती चालू असेल तर प्रत्येक चौकट निराळी सरकते आणि मोजमाप फसते. सुदैवाने कोजागरीस तो तिकाटण्यावर होता आणि ती सोय बंद होती.

आकडे बिनचूक मिळाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, आणि हीच मला आज मुख्यतः सांगावयाची आहे. मूळ चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक दिशा आहे. अमुक ठिपका म्हणजे डावीकडे ६० अंश आणि वर चार अंश, असे आता सांगता येते. मग सगळे दृश्य एकाच सपाट भिंतीवर ताणावे कशाला? संगणकात एक काल्पनिक कॅमेरा माना, त्याची मान डावीकडे ६० अंश वळवा आणि ३० अंशांचेच चित्र घ्या. आता माई कडेला राहिल्या नाहीत, मध्यभागी आल्या. किरण सरळ पडले. चेहरा गोल, मान ताठ, मागचा खांबही सरळ! चौदा फुटांवर ३० अंशांत साडेसात फूट रुंदी मावते, त्यामुळे शेजारच्या दोघी आणि हार घालणारे अध्यक्षही त्यात आले.

याला मर्यादा आहे तीही सांगतो. ३८४० ठिपक्यांत १२६ अंश, म्हणजे अंशाला तीस ठिपके. माईंचा चेहरा रुंदीला सत्तर-पंचाहत्तर ठिपक्यांचा भरतो. मोठ्या पडद्यावर तो मऊसर दिसेल. भाचा म्हणाला, कृत्रिम बुद्धीची प्रणाली आहे, ती चेहरा लख्ख करून देते. करून पाहिले. भुवया रेखीव आल्या, दात एकसारखे आले, आणि माई कोणा दुसऱ्याच घरच्या दिसू लागल्या. ते ठिपके कॅमेऱ्याने पाहिलेले नव्हते. यंत्राने आपल्या मनचे भरले होते. मी ते ठेवले नाही.

संपूर्ण सभागृहाच्या देखाव्यासाठी मात्र मी मधला मार्ग घेतला. १८व्या शतकात रोममध्ये पानिनी नावाचा चित्रकार विस्तीर्ण देवळांच्या आतील दृश्ये काढी. त्याच्या नावाने २०१० साली एक रचना प्रसिद्ध झाली. तीत उभ्या रेषा आणि मध्यातून निघणाऱ्या रेषा सरळ राहतात, बाकीच्या आडव्या रेषांना किंचित बाक येतो, पण माणसे फाकत नाहीत. तुळईला थोडा बाक राहिला आहे. राहू दे. फोनवाल्यांनी तर रॅफेलचीच रीत उचलली आहे. २०१९ साली गूगलच्या संशोधकांनी अशी पद्धत मांडली की यंत्र चित्रातले चेहरे ओळखते, त्यांच्यापुरता आकार राखते आणि मागच्या इमारतीच्या रेषा सरळ ठेवते. तरी घरच्या समारंभात फोनवर '०.५' लिहिलेले बटण दाबून रांगेचा फोटो काढाल तेव्हा दोन पावले मागे जाता येते का ते आधी पाहा. आणि कडेला अंगाने भरलेल्या मामांना उभे करू नका, ते वर्षभर बोलणार नाहीत.

येथवर जे सांगितले ते पहिल्या तुकड्याचे. चौथा तुकडा मास्तरांचा होता.

आपल्या संस्थेच्या मोफत वर्गात मास्तरांनी किती पिढ्यांना गणित शिकविले ते मी सांगण्याची गरज नाही. येथे बसलेल्यांपैकी अर्ध्यांनी त्यांचा मार खाल्ला आहे. ते उजवीकडे आठ फुटांवरच्या खुर्चीवर होते. सत्काराला उत्तर म्हणून ते चार मिनिटे बोलले, बसूनच, कारण गुडघे साथ देत नव्हते. पौषात मास्तर गेले. त्यांच्या चिरंजीवांनी मला विचारले, "बाबांचे त्या दिवशीचे बोलणे तुमच्याकडे असेल ना?" त्या तुकड्याची मूळ प्रत कोणाकडे नाही. मी दुरुस्तीवाल्याकडे संगणक नेला. पुसलेल्या जागेवर माझ्याच सरळ केलेल्या तुकड्यांनी घर केले होते. काही हाती लागले नाही. सरळ केलेल्या तुकड्यात आवाज संपूर्ण आहे, आणि चौकटीच्या उजव्या काठाला मास्तरांचा खांदा आणि बोलता बोलता मिटलेला चष्मा धरून पुढे येणारा हात एवढे दिसते. पावणेआठ फुटांपर्यंतचे उरले होते. मास्तर आठ फुटांवर होते. कडेच्या पलीकडचे कोणत्याही काल्पनिक कॅमेऱ्याला दिसत नाही, कारण ते ठिपके आता कोठेच नाहीत. चिरंजीवांना हे मी घरी जाऊन सांगितले आहे. त्यांनी मला चहा पाजला. आज सभेपुढेही सांगतो.

विश्वस्त मंडळींनी त्यानंतर ठराव केला आहे की संस्थेच्या कोणत्याही कार्यक्रमाचे मूळ चित्रण, वाकडे असो की तिरपे, दोन निरनिराळ्या घरी दोन डिस्कांवर ठेवावे आणि दुरुस्ती नेहमी प्रतीवर व्हावी. डिस्कांचा खर्च मी दिला आहे. आज संध्याकाळच्या कार्यक्रमास कॅमेरा रांगेपासून पंधरा फुटांवर राहील. तेवढ्यासाठी पुढच्या दोन सतरंज्या उचलल्या आहेत, त्याबद्दल बालगोपाळांनी राग मानू नये. पंधरा फुटांवरून शेवटची खुर्ची ३९ अंशांवर येते, आणि तेवढ्यात चेहरा फार बिघडत नाही.

आता दिवे मालवावे. प्रथम माईंचा सत्कार, अडीच मिनिटे. मग मास्तरांचे बोलणे, चार मिनिटे. दुसऱ्या फितीत चित्राच्या मध्यभागी काही घडणार नाही, रिकामी खुर्ची आणि खांब दिसेल. उजव्या काठाकडे लक्ष ठेवा. त्यांनी 'शून्याला घाबरू नका' असे म्हटले की हात पुढे येतो.